मेणाचे दोन हात

३ मार्च, सोमवार

आलो बाई एकदाच्या. सामान म्हणजे काय, दोन पेट्या, एक गादी, माझे ब्रश आणि भुंगी. भुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. दिवसभर काहीतरी गुणगुणत असते, शब्द सगळे चुकीचे आणि चाल तेवढी बरोबर, म्हणून लहानपणीच मी तिला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. ही वहीही तिनेच आणली. म्हणाली, ताई, तू दिवसभर भिंतींशी बोलतेस, संध्याकाळी जरा कागदाशी बोल, म्हणजे माझे कान तरी सुटतील. आगाऊ आहे कार्टी.

नोकरीबरोबर खोली मिळाली हीच मोठी गोष्ट. चार इमारतींचं आवार, मधे चौक आणि मागच्या कोपऱ्यात तळमजल्यावर आमचं बिऱ्हाड. दोन खिडक्या आहेत, नळाला जोर आहे, आणि भिंतीला ओल नाही. भिंत मी आधी हात लावून पाहिली, भुंगी हसत होती. तिने आल्याआल्या खिडकी अडवली आणि मला गादी लावायला लावली. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मी एकोणीस. तेव्हापासून आमच्या घरात तिसरं माणूस नाही. लोक म्हणतात मी तिला डोक्यावर चढवून ठेवलंय. ठेवलंय तर ठेवलंय, माझं डोकं आहे.

काम माझ्या हातचं आहे. आवाराची रस्त्याकडची भिंत लांबच लांब, खाली दगड आणि वर गिलावा. लोक तिच्यावर रंग फासून जातात, तो मी पुसायचा आणि पुन्हा कोणी फासू नये अशी तजवीज करायची. शाळांच्या, दवाखान्यांच्या, पुलाखालच्या भिंती मी पुसल्यात. शिव्या पुसल्या, बदाम पुसले, बाण घुसलेले आणि न घुसलेले. इथला मॅनेजर तुळतुळीत गालांचा, शब्द तोलून देणारा माणूस आहे. त्याचं सांगणं एकच, रंग दिसला की दुपारच्या आत गेला पाहिजे. ते मलाही पटतं. झटपट पुसलं की फासणाऱ्याचा हिरमोड होतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. माझ्या आधी या कामावर असलेले बाबा म्हणे स्वतःचे ब्रशसुद्धा न घेता निघून गेले. ब्रश टाकून जाणारा कारागीर मी आजवर पाहिला नाही. माझं मात्र भलं झालं, ब्रश चांगले आहेत.

४ मार्च, मंगळवार

आज बोहनी झाली. सकाळी भिंतीवर एक माणूस उभा. चित्रातला, पण पुरा माणसाएवढा. काळ्या रेघांनी काढलेला, डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी, ओठ शीळ घालतात तसे. खोटं कशाला बोलू, हात फार छान होता काढणाऱ्याचा. एवढी कला असून माणूस भिंती खराब करत फिरतो, याला काय म्हणायचं. नवल एकच, रंगाला वास कसलाच नव्हता. ना तेलाचा, ना डब्याचा.

कितीही घाई असली तरी मी आधी कोपऱ्यात तपासणी करते. थोडासाच भाग पुसायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. गिलावा पांढरा पडतो का, सावली मागे राहते का, ते कळतं. चित्राचा डावा पंजा कडेला होता, तेवढा पुसला. लोण्यासारखा निघाला. मॅनेजर कुरकुरला, पण मी त्याला सांगितलं की भिंत सोलून निघाली तर ती काय तुमच्या गालाला लावायची का. म्हणजे गालाचं मनात म्हटलं.

मी काम आवरत होते तेव्हा पोस्टमन आला. शीळ वाजवत येतो, दोन्ही हातांनी पत्रांचा गठ्ठा पत्ते पिसावेत तसा पिसतो. भुंगीकडे पाणी मागितलं, तर ती त्याच्याशी अर्धा तास बोलत बसली. इथे करमेल तिला.

५ मार्च, बुधवार

आज पोस्टमनला नीट पाहिलं आणि हसूच आलं. टोपी, पिशवी, शीळ, सगळं त्या चित्रातलं. मी त्याला नेऊन दाखवलं. भिंतीवरचा आपल्यापेक्षा देखणा आहे म्हणाला.

एक मात्र मला काल दिसलं कसं नाही कोण जाणे. त्याला डावा पंजा नाही. बाही मनगटापाशी मुडपून पिन लावलेली. मी विचारलं तर म्हणाला, जन्मापासूनच असं आहे, आता एका हाताने गाठीही मारतो. मग काल पत्रं पिसत होता तो कोण? उन्हात दिवसभर डोळे बारीक करून काम केलं की असं होतं बहुतेक. तो गेल्यावर चित्र पुसलं. डाग नाही, सावली नाही. मॅनेजरने मान हलवली, म्हणजे त्याच्या हिशेबाने शाबासकीच ती.

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस टपाल नाही. वॉचमनकाकांना विचारलं की पोस्टमन रजेवर आहे का. काका गेटवर खुर्ची टाकून बसतात, सगळ्या आवाराच्या बातम्या त्यांच्याकडे. ते म्हणाले, कुठला पोस्टमन, इथे टपाल घरपोच कधीच येत नाही, चौकातल्या टपालाच्या खिडकीवरून ज्याचं त्याने आणायचं. मॅनेजरही तेच म्हणाला. नव्या माणसाची फिरकी घेतात, घेऊ देत.

पण भुंगीही तेच म्हणते. कोण पोस्टमन, ताई? मी पाणी कधी दिलं? भुंगीला थापा मारता येत नाहीत. थाप मारायच्या आधीच ती हसते. आज ती हसली नाही.

१० मार्च, सोमवार

चांगली बातमी. गेटच्या शेजारी शिंपीणबाईंचं दुकान आहे, त्यांनी भुंगीला कामाला ठेवलं. बाई अगडबंब, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे शिव्यासुद्धा दातांतून देतात. पण हात सोन्याचा. माझं माप घेतलं, चार खिशांचा कामाचा शर्ट शिवून देणार आहेत. भुंगी घरी आल्यापासून बाईंची नक्कल करतेय. शर्टाचं कापड त्यांनी माझ्यादेखतच कापलं, एका दमात, खडूची रेघसुद्धा न मारता.

मन थोडं जागेवर आलं. पोस्टमनचा विचार मी सोडून दिला. म्हणजे दिलाय असं ठरवलंय.

१३ मार्च, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी भिंतीवर नवं चित्र होतं. एक बसलेली बाई. मॅनेजर डोक्यावर उभा, कोणीतरी पाहुणे येणार होते, आत्ता पुसा म्हणाला. मी खालून सुरुवात केली. पाय गेले, मांडी गेली. आमच्या हातांना सवयच असते, काय पुसतोय ते आम्ही बघत नाही, फक्त रंग बघतो. गळ्यापाशी आले तेव्हा तिथे टेप दिसली. मापाची टेप. आणि तोंडात टाचण्या. मला कळलं तोवर हात पुढे गेला होता. अर्धा चेहरा फडक्यावर आला होता. मागून मॅनेजर म्हणाला, थांबलात का, आणि मी उरलेलाही पुसला. माझ्याच हाताने.

धावत गेटपाशी गेले. दुकानाच्या शटरला गंज चढलाय. वॉचमनकाका म्हणाले, हे मी आलो तेव्हापासून बंदच आहे. खोलीत भुंगी खिडकीत बसलेली. ताई, मला कुठे काम मिळतंय का बघ ना, बसून बसून कंटाळा आला, म्हणाली. माझं शर्टाचं कापड पेटीत घडी घालून ठेवलेलं. कात्री लागलेली नाही.

शिंपीणबाई मला आठवतात. मला एकटीलाच.

१४ मार्च, शुक्रवार

आधीच्या बाबांना भेटून आले. वॉचमनकाकांनी पत्ता दिला. गावाच्या दुसऱ्या टोकाला जिन्याखालच्या खोलीत एकटेच राहतात. मी भिंत एवढंच म्हटलं आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं.

त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. चित्र कोणी काढत नाही. ते स्वतः पाळत ठेवून बसले होते, कोणी आलं नाही, पहाटे रंग आपोआप वर आला. चित्र गेलं की माणूस गेला, आणि तो कधी होता हेही सगळ्यांच्या मनातून गेलं. फक्त ज्याच्या हाताने पुसलं त्याला आठवतो. आणि त्याने जेवढा भाग पुसला तेवढाच आठवतो. मी म्हटलं, मग पुसायचंच नाही. ते म्हणाले, करून पाहिलं. तू नाही पुसलंस तर मॅनेजर दुसरा माणूस लावतो, नाहीतर पाऊस पुसतो. भिंत कोणासाठी थांबत नाही. माणसाला दूर पाठवूनही उपयोग नाही, भिंतीला अंतर कळत नाही.

त्यांच्या खोलीत दोन खाटा होत्या. त्यांच्या बायकोचं चित्र आलं तेव्हा त्यांनी ते स्वतः पुसलं. मला राग आला. मी तोंडावर विचारलं की हात कसा धजावला तुमचा.

"दुसऱ्या कोणी पुसली असती तर ती मला आठवलीसुद्धा नसती," ते म्हणाले. "आता निदान रडता तरी येतं."

परत येताना बसमध्ये मला एकाच माणसाचा चेहरा दिसत होता. तो कोणाचा ते लिहीत नाही. लिहिवत नाही.

१५ मार्च, शनिवार

नोकरी सोडून पळावं म्हटलं. पण भिंतीला अंतर कळत नाही. इथे राहिले तर निदान भिंत माझ्या नजरेसमोर तरी राहील.

आणि मला एक सुचलंय. चित्र येण्याआधीच भिंत बंद करायची. आमच्याकडे मेणाचा लेप असतो. पारदर्शक, दिसत नाही, पण त्यावर कुठलाच रंग धरत नाही. जिथे काही धरतच नाही तिथे उमटणार तरी कसं? मॅनेजरला विचारलं तर तो खूश, असलं काहीतरी त्याला केव्हाचं हवं होतं. सोमवारी डबे येतात.

२० मार्च, गुरुवार

भिंत पुरी झाली. दगड, गिलावा, सगळं. मेणाचे दोन हात. दुसरा हात मारताना भुंगी मदतीला होती, नाकाला मेण लावून घेतलं आणि वर मलाच लावलं. चौकातली माणसं हसत होती. काम असं झालंय की माशी बसली तर घसरेल. खांदे भरून आलेत, पण मी आज जेवले नीट.

२२ मार्च, शनिवार

काही नाही. भिंत कोरी. काल कोरी, आजही कोरी. मी सकाळी उठून आधी तिथे जाते, मग तोंड धुते.

भुंगी म्हणते ताईला भिंतीशी लग्न करायचंय. म्हणू दे. आज तिच्या केसांना तेल लावून दिलं, ती नको नको म्हणत होती तरी. हल्ली तिच्याकडे बघत बसते मी, तिला वैताग येतो. ऊन वाढलंय.

२४ मार्च, सोमवार

आलं.

मेणावर आलं. आत मुरलेलं नाही, दुधावर साय धरते तसं वर नुसतं बसलंय. खुर्ची, खुर्चीत वॉचमनकाका, मांडीवर काठी. मी काकांना भिंतीकडे जाऊ दिलं नाही, काहीबाही कारण सांगितलं. मी पुसणार नाही. मॅनेजर आज बाहेरगावी आहे. मी भिंतीसमोर बसून राहणार, कोणाचा हात लागू देणार नाही. काका मला सकाळी चहा आणून देतात, मी आल्या दिवसापासून. त्यांना लेक आहे, ती पहिलटकरीण आहे, सगळ्या आवाराला सांगून झालंय त्यांचं.

दुपारी ऊन थेट भिंतीवर येतं. आत्ता काठीची रेघ जराशी खाली आल्यासारखी वाटते. नसेल.

२५ मार्च, मंगळवार

आज बरं वाटतंय. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

गेटवर एक रिकामी खुर्ची पडलेली असते, ती कोणाची कोण जाणे. एवढं मोठं आवार आणि साधा वॉचमन नाही. मॅनेजरला सांगितलं, ठेवा कोणीतरी. सकाळी चहा नाही मिळाला म्हणून डोकं दुखत होतं, आणि मग वाटलं, मला चहा आणून देणार तरी कोण होतं.

भिंतीच्या पायाशी काळं पाणी वाळलंय. मेण वितळून खाली आलेलं, त्यात काळ्या रेघा. वर मेणात एक वाकडी खूण उरलीये, काठीच्या मुठीसारखी.

मी तिथेच बसले.

इथे कोणीतरी होतं. माझ्या ओळखीचं. ऊन आलं आणि गेलं ते, आणि पुसणारा हातच नव्हता, म्हणून मलाही आठवत नाही. मागचं पान उलटलं तर कळेल. उलटणार नाही. चेहराच आठवत नाही त्याच्यासाठी रडू कशी?

कसली मूर्ख आहे मी. हा लेप रंगाला येऊ देतो, फक्त राहू देत नाही. हे मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना शंभरदा सांगितलंय. घोकून घेतलंय त्यांच्याकडून. आणि स्वतः भिंतभर मेण फासून बसले. आधी निदान कोणाचा तरी हात लागायचा. आता ऊनच पुसणार, आणि जगात एकालाही आठवणार नाही.

२६ मार्च, बुधवार

मेण काढतेय. गरम पाणी आणि ब्रश. एका टोकाकडून सुरू केलंय. भिंत संपत नाही. मॅनेजर ओरडला, लावलं कशाला आणि काढता कशाला. त्याला काय सांगू. भुंगी बादल्या आणून देते. ती गुणगुणत नाही. दोनदा म्हणाली, ताई, जेव.

२७ मार्च, गुरुवार

अर्धी भिंत झाली. बोटं सोलली गेलीत. उद्या उरलेली, उद्या नक्की. देवा, एवढा एक दिवस दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, तू असशील तर.

२८ मार्च, शुक्रवार

मेण राहिलेल्या भागावर.

एक वेणी. हात कमरेवर. मान तिरकी, तोंड अर्धं उघडं, गुणगुणताना असतं तसं.

माझी भुंगी.

२८ मार्च, दुपार

ओल्या चादरी टांगल्या, ऊन अडवायला. घरातल्या सगळ्या. पाणी मारत राहते. वरून पक्का रंग फिरवून पाहिला, भिंतीवर कडेला. धरत नाही. मेणावर काहीच धरत नाही. काम चांगलं केलंय ना मी.

मग वाटलं खिळ्याने रेघ कोरावी, मेणाखाली, गिलाव्यात. कोरलेलं वितळत नाही. कानाच्या पाळीपासून सुरुवात केली, अगदी हलका हात. रेघ कोरली गेली नाही. चित्रातल्या कानाची सगळी रेघच सायीसारखी गोळा होऊन खिळ्यावर आली.

खोलीत गेले. भुंगी केस विंचरत होती. डाव्या बाजूला कान नाही. गाल सरळ मागे गेलेला, गुळगुळीत. मी किंचाळले तर म्हणाली, काय झालं ताई, जन्मापासून असंच तर आहे.

कानातलं मीच घातलं होतं तिला. सोनाराकडे. ती माझा अंगठा चावली होती.

आता हात लावणार नाही.

२८ मार्च, संध्याकाळ

तिला सगळं सांगितलं. आधी हसली. मग माझ्याकडे बघून चपला घातल्या. चल म्हणाली, दाखव. चादर बाजूला करून बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. नाक जरा मोठं काढलंय म्हणाली.

मॅनेजर येऊन गेला. चादरी बघून भडकला. उद्या दुपारी जोरात पाणी मारणारी प्रेशरची मशीन आणि दोन माणसं येणार. मी पाय धरले त्याचे. तो मागे सरकला, लाज वाटली त्याला, पण मशीन येणार.

भुंगीने माझ्या सोललेल्या बोटांना तेल लावलं. मग म्हणाली, "ताई, तू म्हणतेस म्हणजे असेल. मग तूच पूस. दुसऱ्या कोणाचा हात लावू देऊ नकोस मला."

मी तिला मारलं. गालावर. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही, मीच रडले.

२९ मार्च, सकाळ

भिंतीशी बसलोय दोघी. ती माझ्या उजवीकडे, वेणी माझ्या खांद्यावर. गुणगुणतेय. शब्द चुकीचे. चादरी ओल्या आहेत. फडकं माझ्या मांडीवर.

सकाळीच, ऊन भिंतीवर यायच्या आत पुसायचं असं ठरलं होतं. ठरवलं तिनेच. तीनदा उठले. तीनदा बसले. थोडं थांबू. मशीन दुपारी येणार. अजून वेळ आहे, अजून

२९ मार्च, ऊन आलं

वारा सुटला, चादर पडली, पुन्हा टांगली. तेवढ्यात पाय सुटले. चित्राचे. घोट्यापासून खाली ओघळ.

भुंगी, ऊठ, आत चल म्हटलं. ती म्हणाली, ताई, मी कधी उठले होते का गं चालायला.

लिहून ठेवते. तिला चहात चार चमचे साखर लागते. पाकच तो. झोपेत माझी चादर ओढते. तिला विजेची भीती वाटते. तिला सायकल येत नाही, मी शिकवलीच नाही, पडेल म्हणून. ती —

कंबर गेली. हात गेला. शेजारी बघत नाही मी. गुणगुणणं चालू आहे.

पूस. पूस ना बाई. फडकं हातात आहे. एक हात मारला की निदान — नाही होत. माझ्याच्याने नाही होत. तिची वेणी मी घालायचे, घट्ट, ती ओरडायची, दुखतंय ताई, दुखतंय — वेणी — वेणी कोणाची —

भुंगी भुंगी भुंगी भुंगी भुं

२९ मार्च

काय हे गिरवत बसले होते मी. भुंगी. कसला शब्द.

उन्हात बसून खांदा ओला झालाय, चादरीचं पाणी असेल. घरातल्या सगळ्या चादरी बाहेर कशाला आणल्या देव जाणे. एकट्या बाईला एवढ्या चादरी लागतात कशाला.

भिंत छान सुटली आपोआप. वर एवढंसंच उरलंय, एक तोंड, अर्धं उघडं. मशीनवाले यायचेत, पण एवढ्याशासाठी मशीन कशाला. फडकं हातातच आहे. तेवढं पुसून घेते.

पुसलं.

कोणीतरी गुणगुणत होतं. इथे, माझ्या कानाशी. चाल आठवतेय मला, सगळी, चुकीच्या शब्दांसकट. आणि एक आवाज. दुखतंय ताई म्हणणारा. ताई, जेव. तूच पूस ताई.

चेहरा नाही. हात नाहीत. नाव नाही. नुसता एक टोचलेला डावा कान आणि हा आवाज, आणि तो मला ताई म्हणतोय. अगं, कोण तू? कोण म्हणतंय मला ताई?